किडनी प्रत्यारोपणानंतर घरी: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

शस्त्रक्रिया चांगली होते, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) खाली येतं, आठ-दहा दिवसांनी पेशंट चालत घरी येतो. घोळ होतो तो बहुतेक वेळा यानंतर. त्यामागे निष्काळजीपणा कमीच असतो. माणूस गोळी घेऊन मग रक्त द्यायला जातो. तापासाठी जवळच्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतो. भेटायला आलेल्या चाळीस जणांना दारातून परत कसं पाठवायचं, हे घरच्यांना कळत नाही. आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे 'आता बरं वाटतंय की'. नवी किडनी शरीर नाकारू लागतं तेव्हा सुरुवातीला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. ते आधी रक्ताच्या रिपोर्टमध्ये आणि रोजच्या वहीत दिसतं. म्हणून पुढचं सगळं 'बरं वाटण्या'वर न सोडता आकड्यांवर आणि वेळेवर बांधलेलं आहे.

हा लेख जिवंत किंवा मेंदूमृत दात्याची किडनी बसवलेल्या प्रौढ पेशंटसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. तुमच्या रुग्णालयाने एखादी गोष्ट वेगळी सांगितली असेल, तर त्यांचंच ऐका. त्यांच्यापुढे तुमची फाइल असते.

टप्पा १: शस्त्रक्रियेच्या आधीच करायची तयारी

पहिला प्रश्न राहण्याचा. नांदेड, लातूर, जळगाव किंवा कोकणातल्या गावातून पुण्या-मुंबईला येऊन प्रत्यारोपण करणाऱ्यांनी लगेच गावी परतायची घाई करू नये. पहिल्या महिन्यात साधारण आठवड्यातून दोनदा आणि पुढचे दोन महिने आठवड्याला एकदा रक्त तपासावं लागतं. किडनी टिकवणाऱ्या टॅक्रोलिमस या मुख्य औषधाची रक्तातली पातळी, म्हणजे लेव्हल, गावातली लॅब सहसा स्वतः तपासत नाही. नमुना शहरात जातो आणि रिपोर्टला दिवस लागतात. रुग्णालयापासून तासाभरात पोचता येईल अशी खोली दोन-तीन महिन्यांसाठी घ्या. हा खर्च आधीच हिशेबात धरा, कारण बहुतेक कुटुंबं तो विसरतात.

खोली हवेशीर असावी, भिंतींना ओल नसावी, संडास-बाथरूम शक्यतो स्वतंत्र असावं. रंगकाम, फरशी, फर्निचर जे काही करायचं असेल ते शस्त्रक्रियेच्या कित्येक आठवडे आधी उरका. पेशंट घरी येणार म्हणून उत्साहाने शेवटच्या आठवड्यात भिंती घासायला काढणं फार धोक्याचं आहे. त्या धुळीतून बुरशीचे कण फुप्फुसात जातात, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला असा बुरशीचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. खिडकीत किंवा डक्टमध्ये कबुतरं बसत असतील तर आधी जाळी बसवून घ्या आणि विष्ठा काढून घ्या. पेशंट घरात असताना ती सुकी झाडायची नाही.

हे सामान आणून ठेवा:

- डिजिटल थर्मामीटर, दंडावर बांधायचं बीपी मशीन, डिजिटल वजनकाटा
- लघवी मोजायला खुणा असलेलं प्लास्टिकचं भांडं, पाणी मोजायला एक लिटरची बाटली
- शुगर वाढली असेल किंवा आधीचा मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर
- मास्क, हात धुवायला साबण, मच्छरदाणी
- भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची
- एक जाड वही आणि दोन अलार्म, एक पेशंटच्या फोनवर आणि दुसरा घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर

तपासा: घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? घरी कामाला येणाऱ्यांनाही विचारा. असेल तर आधी टीबीची तपासणी करून घ्या. आपल्याकडे प्रत्यारोपणानंतर टीबी होणं दुर्मीळ नाही, आणि त्यावरचं रिफाम्पिसिन हे औषध टॅक्रोलिमसची पातळी इतकी खाली आणतं की उपचार फार अवघड होतात.

टप्पा २: डिस्चार्जच्या दिवशी

घरी जायच्या गडबडीत डिस्चार्ज कार्ड पिशवीत टाकलं जातं आणि रात्री नऊ वाजता पहिला प्रश्न पडतो. म्हणून वॉर्डमधून निघण्याआधी पेशंट आणि मुख्य काळजी घेणारी व्यक्ती, दोघांनी मिळून नर्ससमोर पुढच्या गोष्टी विचारून लिहून घ्या:

१. प्रत्येक औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, जेवणाआधी की नंतर.
२. पुढची रक्ततपासणी कधी, कोणत्या लॅबमध्ये, त्यात काय काय.
३. रोज किती पाणी प्यायचं.
४. टाके किंवा स्टेपल्स कधी निघणार.
५. आत डीजे स्टेंट (लघवीच्या वाटेतली बारीक नळी) आहे का, आणि तो काढायची तारीख.
६. रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा.
७. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर काय करायचं. यावर प्रत्येक प्रत्यारोपण युनिटचा स्वतःचा नियम असतो, तो आधीच माहीत हवा.

डोस नेहमी मिलिग्रॅममध्ये लिहा, गोळ्यांच्या संख्येत नाही. 'सकाळी दोन, रात्री दोन' असं लिहिलं आणि पुढच्या वेळी केमिस्टने १ मिग्रॅऐवजी ०.५ मिग्रॅच्या कॅप्सूल दिल्या, की डोस अर्धा होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. फोनवर डोस बदलताना तर ०.५ आणि ५ यांतही गल्लत होते. ऐकलेला डोस उलट वाचून दाखवा: 'सकाळी एक पूर्णांक पाच मिलिग्रॅम, म्हणजे एकची एक आणि अर्ध्याची एक, बरोबर?' शक्य असेल तर तोच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही मागा.

टप्पा ३: औषधांचं घड्याळ

लेखातला हा भाग दोनदा वाचा.

बहुतेक पेशंटना तीन मुख्य औषधं असतात: टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. शरीराने नवी किडनी परकी समजून तिच्यावर हल्ला करू नये म्हणून ती असतात आणि किडनी चालू आहे तोवर ती चालू राहतात. जोडीला काही महिने संसर्ग टाळणारी औषधं येतात. त्यात सहसा को-ट्रायमोक्साझोल आणि व्हॅलगॅनसायक्लोव्हिर असतात.

वेळ कशी ठरवायची? टॅक्रोलिमसची नेहमीची कॅप्सूल दर बारा तासांनी घ्यायची असते. तपासणीच्या दिवशी रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं. म्हणजे वेळ लॅबच्या वेळेशी जुळली पाहिजे. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा अशी वेळ धरली आणि लॅब आठला उघडत असेल, तर दर तपासणीला घोळ ठरलेला. सकाळी ९ आणि रात्री ९ ही वेळ बहुतेकांना जमते.

मग दिवस असा लागतो:

१. सकाळी सातपर्यंत नाश्ता. त्याच्यावर प्रेडनिसोलोन, कारण ते उपाशीपोटी घेतलं तर पोटाला त्रास होतो.
२. सकाळी ९ ला टॅक्रोलिमस, साध्या पाण्याबरोबर. चहा किंवा दुधाबरोबर नाही. जेवणाच्या किमान एक तास आधी किंवा दोन तास नंतर हा अंतराचा नियम पाळायचा. सातच्या आत खाणं जमत नसेल तर नाश्ता दहानंतर घ्या.
३. मायकोफिनोलेट सांगितलेल्या वेळी. पोट बिघडत असेल तर खाऊन घेता येईल का, हे विचारा. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी त्याच्याबरोबर घ्यायची नाही. त्यातल्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियममुळे मायकोफिनोलेट नीट शोषलं जात नाही.
४. संध्याकाळी सातच्या आत जेवण.
५. रात्री ९ ला पुन्हा टॅक्रोलिमस.

एखाद्याला रोज खाऊनच गोळी घेणं जमत असेल आणि डॉक्टरांनी तसं मान्य केलं असेल, तर तेही चालतं. मात्र मग रोज तसंच करायचं. एक दिवस उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीवर, असं केलं तर लेव्हल वरखाली होत राहते आणि डॉक्टर उगाच डोस बदलत बसतात.

कॅप्सूल पाकिटातून आठवडाभर आधी काढून डबीत भरून ठेवू नका. टॅक्रोलिमसला दमट हवा चालत नाही. डबी वापरायची असेल तर पट्टीचा तुकडा कापून ठेवा. मायकोफिनोलेटची गोळी फोडू किंवा कुटू नका, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही.

सावधान: गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. किती उशीर झाला ते पाहून फोन करा. आणि प्रेडनिसोलोन कधीही स्वतःहून एकदम बंद करायचं नाही.

केमिस्ट 'हीच आहे, फक्त कंपनी वेगळी' म्हणतो. ते औषध चांगलंही असेल, पण टॅक्रोलिमसची कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा बघावी लागते. दिवसातून एकदा घ्यायची, औषध हळूहळू सोडणारी कॅप्सूल आणि दोनदा घ्यायची साधी कॅप्सूल ही तर वेगळीच औषधं समजा. पाकिटावरचं नाव घरी नेण्याआधी दुकानातच वाचा.

आता बाहेरून येणाऱ्या औषधांविषयी. काही औषधं टॅक्रोलिमसची पातळी एकदम वाढवतात. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल आणि बीपीसाठीचं डिल्टियाझेम ही त्यांतली. फिट्ससाठीची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ती खाली आणतात. डायक्लोफिनॅक आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं थेट किडनीला इजा करतात. गावातल्या डॉक्टरांनी सद्‌हेतूने दिलेलं कमरेतलं दुखण्याचं इंजेक्शन बऱ्याचदा यातलंच असतं. म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवा: किडनी प्रत्यारोपण झालं आहे, ही औषधं सुरू आहेत, नवीन औषध देण्याआधी या नंबरवर फोन करावा. दातांच्या डॉक्टरांनाही ते दाखवा.

गुळवेल, अश्वगंधा, 'इम्युनिटी' वाढवणारे काढे आणि चूर्ण पूर्ण बंद. जी प्रतिकारशक्ती आपण औषध देऊन मुद्दाम दाबतो आहोत, तीच हे वाढवायला जातात. स्वयंपाकातली हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल चालत नाहीत. घरातल्या मोठ्यांनी प्रेमाने आणून दिलेल्या पुडीला नाही म्हणणं कठीण जातं, हे मला माहीत आहे. पुडी घ्या, कपाटात ठेवा, पण पोटात जाऊ देऊ नका.

टप्पा ४: रोजची वही

पहिले तीन महिने तरी ही वही रोज लिहायची. पाच रकाने पुरतात.

*वजन:* सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत. एका दिवसात एक किलो किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेलं पाणी आहे. फोन करा.

*ताप:* सकाळ-संध्याकाळ, आणि अंग मोडल्यासारखं वाटलं की लगेच. पॅरासिटामॉल घेण्याआधी मोजा. स्टिरॉइडमुळे ताप दबून राहतो. त्यामुळे थंडी वाजत असेल पण थर्मामीटरवर ९९.५ दिसत असेल, तरी 'काही नाही' म्हणून सोडू नका.

*बीपी:* पाच मिनिटं शांत बसून, रोज त्याच हाताने. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला पट्टा बांधायचा नाही आणि त्या हातातून रक्तही काढू द्यायचं नाही. फिस्टुलाची थरथर रोज बोटांनी तपासा, ती थांबली तर कळवा.

*लघवी:* सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंतची. ज्यांचं डायलिसिस वर्षानुवर्षं चालू होतं त्यांचं मूत्राशय आक्रसलेलं असतं. सुरुवातीला दर अर्ध्या-पाऊण तासाला जावं लागतं, रात्रीही उठावं लागतं. हे हळूहळू सुधारतं. पण एकूण लघवी नेहमीपेक्षा अचानक बरीच कमी झाली, तर उद्याची वाट पाहायची नाही.

*शुगर:* स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे कधीच मधुमेह नसलेल्यालाही शुगर वाढू शकते. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडचा परिणाम दुपारी-संध्याकाळी जास्त दिसतो. फक्त उपाशीपोटीची शुगर पाहून निर्धास्त राहणारे इथे फसतात. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनीही तपासा.

टप्पा ५: रक्ततपासणीचा दिवस

क्रम हा असा:

१. आदल्या रात्रीची गोळी बरोबर ९ ला घ्या आणि वेळ वहीत लिहा.
२. सकाळची टॅक्रोलिमस घ्यायची नाही. ती बरोबर घेऊन निघा. बीपीची वगैरे बाकीची औषधं घ्यायची का, हे आधी विचारून ठेवा. बरेच जण 'आज रक्त द्यायचंय' म्हणून सगळंच बंद ठेवतात.
३. रक्त बारा तासांच्या आसपास, म्हणजे साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यान द्या.
४. लॅबमध्ये स्वतःहून सांगा: 'शेवटची गोळी काल रात्री ९ ला. आजची घेतलेली नाही.'
५. रक्त दिल्याबरोबर तिथेच गोळी घ्या. खाणं एक तासाने.
६. रिपोर्ट आला की रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला पाठवा. डोस स्वतः बदलू नका.

गोळी घेऊन रक्त दिलं तर लेव्हल खोटी जास्त येते. डॉक्टर ती खरी मानून डोस कमी करतात. प्रत्यक्षात औषध कमी पडायला लागतं आणि शरीर किडनीवर उलटतं. चूक सकाळी नऊची असते आणि परिणाम दोन-तीन आठवड्यांनी दिसतो, त्यामुळे तो तिच्याशी कुणी जोडत नाही. चुकून गोळी घेतलीच असेल तर तसं सांगा आणि तपासणी दुसऱ्या दिवशी करा. ओरडतील म्हणून लपवू नका.

लॅब शक्यतो एकच ठेवा. लॅब बदलली की मोजण्याची पद्धत बदलते आणि क्रिएटिनिन ०.१-०.२ इकडेतिकडे होतं. मग ती वाढ खरी की यंत्राची, हे कळत नाही. सलग जुलाब लागले असतील तर तेही सांगा, कारण जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते.

टप्पा ६: पाणी आणि जेवण

डायलिसिसच्या काळात दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी मिळायचं. आता डॉक्टर अडीच-तीन लिटर प्या म्हणतात, आणि माणसाचा हात ग्लासाकडे जात नाही. वर्षानुवर्षांची भीती एका आठवड्यात जात नाही. बाटली भरून समोर ठेवा, वेळा वाटून घ्या. किती प्यायचं ते मात्र डॉक्टरांनी सांगितलेलंच. ज्यांची लघवी अजून कमी आहे त्यांना कमी पाणी सांगितलेलं असतं.

पाणी खळखळ उकळलं की पुढे किमान एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा, चोवीस तासांत संपवा. भांड्यात हात किंवा पेला बुडवायचा नाही, ओगराळं वापरा. फिल्टर असला तरी पहिल्या काही महिन्यांत आणि पावसाळ्यात उकळाच.

जेवणाचा साधा नियम: घरी केलेलं, नीट शिजलेलं, गरम. शिळं नको. कच्चं दूध, उघड्यावरचं पनीर, उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, हॉटेलातली ओली चटणी, कापून ठेवलेली फळं बंद. मोड आलेली मटकी-मूग शिजवूनच खायचे. अंडं पूर्ण उकडलेलं. फळं स्वच्छ धुऊन, साल काढून. घरचं ताजं दही बहुतेक युनिट चालू देतात, पण विचारून घ्या.

पंचामृत आणि तीर्थ यांचा विचार कुणी करत नाही. कच्चं दूध, मध आणि कुठलं तरी पाणी, तेही अनेकांचे हात लागलेलं. नमस्कार करा, घेऊ नका. पपनस पूर्ण टाळा. गणपती-दिवाळीच्या दिवसांत ते घरोघरी येतं. ते आणि त्याच्याच कुळातलं ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. कमरखही नको.

मीठ कमी म्हणजे लोणचं, पापड, फरसाणही कमी. पण 'लो सोडियम' मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि टॅक्रोलिमसमुळे पोटॅशियम आधीच वाढण्याकडे कल असतो. शहाळं याच कारणासाठी रिपोर्ट पाहून, विचारून. स्टिरॉइडमुळे भूक खूप लागते. डाळ, अंडं, चिकन, मासे, पनीर जेवणात असू द्या, कारण जखम भरायला प्रथिनं लागतात. साखर, साबुदाणा आणि तळण यांवर मात्र हात आवरा. निर्जळी उपवास किंवा गोळीच्या वेळा बदलणारा रोजा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

टप्पा ७: जखम, स्टेंट, हालचाल

नवी किडनी पोटाच्या खालच्या भागात, जांघेच्या वर, त्वचेपासून जवळ बसवलेली असते. पॅंटचा पट्टा किंवा परकराची नाडी नेमकी तिथेच आवळली जाते. सैल कपडे घाला, नाडी वर किंवा खाली बांधा. जखमेवर हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. लाली वाढली, पाणी किंवा पू आला, त्या बाजूच्या पायाला सूज आली, तर फोटो काढून पाठवा आणि फोन करा.

डीजे स्टेंट म्हणजे लघवीच्या वाटेत ठेवलेली बारीक नळी. साधारण दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीने ती काढतात. बाहेरून दिसत नाही, म्हणून ती विसरली जाते. मग तिच्यावर खडे जमतात, वारंवार संसर्ग होतो. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. रुग्णालयातून फोन आला नाही तरी तुम्ही फोन करा.

पहिल्या दिवसापासून चालायचं, रोज थोडं वाढवत. सहा ते आठ आठवडे चार-पाच किलोंहून जास्त वजन उचलायचं नाही. भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर आणि नातवंडंही त्यात आली. खोकताना जखमेवर उशी धरा. गाडी चालवणं आणि दुचाकीवर बसणं डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

टप्पा ८: माणसं, माती, डास

आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जाणं हे कर्तव्य मानतात. पण पहिले तीन महिने भेटी घरात नकोत. पेशंटला स्वतः नाही म्हणायला लावू नका. ते काम घरातल्या एका ठाम माणसाकडे द्या, आणि सगळ्या नातेवाइकांना एकच निरोप पाठवा: 'डॉक्टरांनी भेटी बंद ठेवल्या आहेत. व्हिडिओ कॉल करा, बरं वाटेल.' जो राग धरेल त्याची समजूत नंतर काढता येते. ज्याला यावंच लागेल त्याने मास्क लावून, हात धुऊन, थोडा वेळ, लांब बसून बोलावं. सर्दी-खोकला असलेल्याने यायचंच नाही. बाहेर पडताना पेशंटने मास्क लावायचा. लग्न, यात्रा, वारी, लोकलची गर्दी सहा महिने तरी नको.

शेतकरी कुटुंबांसाठी वेगळं सांगते. गोठा, शेणखत, कंपोस्ट, धान्य पाखडणं, भुसा, बागकाम यांपासून पहिले सहा महिने लांबच. नंतरही हातमोजे, बूट आणि मास्क लावून. साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाणं पावसाळ्यात कुणासाठीच चांगलं नाही, लेप्टोस्पायरोसिस या संसर्गामुळे तुमच्यासाठी तर अजिबात नाही. डेंगीसाठी मच्छरदाणी दिवसाही वापरा.

घरात कुणाला कांजिण्या किंवा नागीण झाली तर त्याच दिवशी कळवा. प्रतिबंधक उपाय पहिल्या काही दिवसांतच करता येतात. जिवंत विषाणूंच्या लसी पेशंटला चालत नाहीत. फ्लूची निष्क्रिय लस कधी घ्यायची ते विचारा. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याला तोंडावाटे पोलिओ किंवा रोटाव्हायरसचा डोस द्यायचा असेल, तर आधी दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोला. बाळाचे लंगोट पेशंटने बदलायचे नाहीत.

टप्पा ९: फोन कधी, थेट रुग्णालय कधी

त्याच दिवशी फोन करा: १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, वजनात वर सांगितलेली वाढ, पायावर सूज, बीपी नेहमीपेक्षा सतत जास्त, लघवीत जळजळ किंवा रक्त, जुलाब, तोंडात पांढरे डाग, हाताला वाढलेली थरथर, नवीन किडनीच्या जागी दुखणं, गोळी चुकणं.

थेट निघा: लघवी जवळजवळ बंद, धाप लागणं, थंडी वाजून ताप आणि गुंगी, उलट्यांमुळे दोन वेळच्या गोळ्या पोटात न टिकणं, छातीत दुखणं, फिट. निघताना फाइल, वही आणि सगळी औषधं बरोबर घ्या. दुसऱ्या रुग्णालयात नेलं तरी तिथून तुमच्या प्रत्यारोपण युनिटला फोन लावून द्या.

चिडचिड, झोप उडणं, कारण नसताना रडू येणं हे स्टिरॉइडमुळेही होतं. घरच्यांनी ते मनाला लावून घेऊ नये. पण उदासी टिकली तर डॉक्टरांना सांगावं, त्यावर उपचार आहेत.

टप्पा १०: किडनी देणारी व्यक्ती

आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये बायकांचं प्रमाण जास्त आहे. आई किंवा बायको किडनी देते, चार-पाच दिवसांत घरी येते आणि दुसऱ्या आठवड्यात चुलीपुढे उभी राहते. मुलाचं पाणी तीच उकळते, पथ्याचं तीच करते, रात्री तीच उठते. हे थांबवा. घरात त्या काळात पेशंट दोन असतात. काळजी घेणारी तिसरी व्यक्ती शस्त्रक्रियेआधीच ठरवा. बहीण असो, भाऊ असो, पगारी बाई असो.

दात्यानेही सहा ते आठ आठवडे जड उचलायचं नाही. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक-आयबुप्रोफेन घ्यायचं नाही, तेही आयुष्यभर. बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी तपासायचं. पेशंटच्या वहीत शेवटचं पान दात्याच्या तारखांसाठी ठेवलं की त्या विसरल्या जात नाहीत.

टप्पा ११: तीन महिन्यांनंतर

तपासण्या विरळ होतात, गोळ्या थोड्या कमी होतात, माणूस कामाला लागतो. बैठं काम असेल तर दोन-तीन महिन्यांनी, कष्टाचं असेल तर आणखी उशिरा आणि विचारून. गोळ्या सुटायला लागतात त्या याच काळात. कधी कंटाळ्याने, कधी पैशांमुळे.

पैशांची अडचण असेल तर गोळी एक दिवसाआड करू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. स्वस्त कंपनीच्या औषधावर देखरेखीखाली जाता येतं, मदतीचे मार्ग शोधता येतात. गुपचूप कमी केलेल्या डोसमुळे गेलेली किडनी परत आणता येत नाही. घरात नेहमी किमान पंधरा दिवसांचा साठा ठेवा. प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत किंवा सामानात नाहीत.

तरुण स्त्रियांसाठी एक गोष्ट सहसा उशिरा सांगितली जाते. प्रत्यारोपणानंतर पाळी आणि गर्भधारणेची क्षमता लवकर परत येते, म्हणून गर्भनिरोधन सुरुवातीपासून हवं. मायकोफिनोलेटमुळे गर्भात व्यंग होऊ शकतं. मूल हवं असेल तर किमान एक वर्ष थांबा. आधी डॉक्टरांशी बोला. ते हे औषध गर्भधारणेच्या निदान सहा आठवडे आधी बदलून देतात आणि किडनी स्थिर आहे याची खात्री करूनच पुढे जायला सांगतात. पाळी चुकली तर गोळ्या स्वतः बंद न करता त्याच दिवशी फोन करा.